वारुळावरचं लिंबू

आख्ख्या कोल्हापुरात आमच्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस नाही, आणि अळंबीचा विषय निघाला की त्यांच्याइतका खोटारडाही नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून करतो आहे. मामा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे सख्खे मामा, एसटीतले निवृत्त कंडक्टर. कोल्हापूर-चंदगड या रस्त्यावर त्यांची हयात गेली. बसमध्ये कुणाचा जेवणाचा डबा राहिला तर तो घासूनपुसून मालकाच्या घरी पोचवणारा हा माणूस. भाजीत मीठ कमी होतं हेही मालकिणीला तोंडावर सांगून येणारा. पण आषाढ सरत आला, सकाळी पाऊस आणि दुपारी ऊन असा खेळ सुरू झाला, की मामांच्या जिभेवर दुसराच कुणीतरी येऊन बसायचा. हातातली पिशवी रानातल्या अळंबीने फुगलेली, तिचा तो ओल्या मातीचा वास साऱ्या गल्लीत पसरलेला, आणि कुणी विचारलं, "मामा, कुठं गावली?" तर मामा डोळ्याची पापणी न हलवता सांगायचे, "हातकणंगल्याला. टेसनाच्या मागं."

हातकणंगल्याच्या स्टेशनामागे ऊस आहे, चिखल आहे आणि चिखलात लोळणाऱ्या म्हशी आहेत. तिथे अळंबी उगवायची तर आधी तिथल्या सपाट रानाला डोंगर व्हावं लागेल. तरी आमच्या गल्लीतली काही भोळी माणसं एका रविवारी पिशव्या घेऊन खरंच तिकडे गेली, गुडघाभर चिखल तुडवून परत आली आणि थेट मामांच्या दारात येऊन जाब विचारू लागली. मामांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "उशीर केलासा. सकाळच्या प्याशिंजरनं जायला पायजे हुतं." पुढच्या रविवारी ती माणसं सकाळच्या पॅसेंजरने गेली.

अळंबीवाल्यांचं हे असंच असतं म्हणे. रानातली खरी अळंबी वारुळाच्या अंगाखांद्यावर उगवते, दरवर्षी त्याच जागी, आणि उगवली की दोन दिवसांत संपते. ज्याला जागा ठाऊक, त्याची चंगळ. बाकीच्यांनी वास घ्यावा. मामांची जागा त्यांच्या वडिलांकडून आलेली, चंदगडच्या डोंगरात, आपलं राज्य संपून कर्नाटक सुरू होतं त्या धारेवर. तिथे जायला निघायचे तेव्हा मामा आधी गगनबावड्याच्या गाडीत बसायचे, गल्लीतल्या साऱ्यांना खिडकीतून हात करायचे, रंकाळ्याच्या पुढे कुठेतरी उतरायचे आणि उलटे येऊन चंदगडची गाडी पकडायचे. परत येताना पिशवीत वरून कोबीचा गड्डा ठेवलेला असायचा. आमची मामी म्हणायची, "दुसऱ्या बाईसाठी एवढं केलं असतं तर मी समजून तरी घेतलं असतं."

कारखान्यात वाढवून डबीतून विकतात त्या पांढऱ्या अळंबीबद्दल मामांचं मत फार वाईट. एका लग्नात वाढप्याने 'मशरूम मसाला' म्हणून काहीतरी पानात टाकलं. मामांनी त्यातला एक तुकडा चमच्यावर घेऊन उजेडात धरला, मागून पुढून पाहिला आणि शेजारी बसलेल्या नवरीच्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यानं पाऊस बगितलेला न्हाय. दवाखान्यात वाढलंय हे." त्या वधूपित्यांना वाटलं, मामा नवऱ्या मुलाबद्दलच बोलताहेत. तो बिचारा खरोखरच किरकोळ होता. पुढे बराच वेळ सारवासारव चालली होती.

शिवाय मामांची कोपराची सवय. अळंबीकडे सरळ बोट दाखवलं की ती जागच्या जागी कुजते, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी कान पिळून शिकवलेलं. तेव्हा अळंबी दाखवायची ती कोपराने किंवा हनुवटीने. पण मामांचा स्वभाव कुठलीच गोष्ट मापात न करण्याचा, त्यामुळे त्यांनी उभ्या आयुष्यात कशाकडेच बोट दाखवलं नाही. बसमध्ये ते प्रवाशांना रिकामी जागा कोपराने दाखवायचे. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पसंत आहे का विचारल्यावर मी बशीतल्या पोह्यांकडेच बघत बसलो, तेव्हा मामांनी मला कोपराने आमच्या हिच्याकडे वळवलं आणि म्हणाले, "नीट बगा. परत म्हनाल दावली न्हाय."

आता एवढं गुपित पोटात ठेवायचं म्हणजे माणसाला कुठेतरी वाफ काढावी लागते. मामांनी त्यासाठी शेजारचे कापडवाले शेठजी निवडले. शेठजी पक्के जैन. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, अळंबीचं तर नाव काढलं तरी दुकानाच्या आत जाणार. मामांच्या दृष्टीने साऱ्या कोल्हापुरात विश्वासाचा माणूस हा एकच. "शेटजी, जागा सांगून ठेवतो. उद्या मला कायतरी झालं तर कुनाला तरी ठावं पायजे की." शेठजी दोन्ही कान झाकून ओरडायचे, "मामा, मला नका सांगू! मला पाप लागंल!" मामा समाधानाने परत यायचे. जागा सांगितली नाही ती नाहीच, पण सांगायचा प्रयत्न केल्याचं पुण्य पदरात पडलेलं असायचं. मामांचा मुलगा पुण्यात संगणकावर काय काय करतो, आणि अळंबी त्याला आवडते ती पिझ्झ्यावर. जागा कुणाच्या हवाली करायची हा मामांचा घोर मला पुढे कळला. तेव्हा मी नुसता हसायचो.

मामांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा माझा नंबर लागला. माझ्या अंगात मामांच्या उपयोगाचा एकच गुण आहे, तो म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. "जावईबापू, गाडी काडा" असं फर्मान आलं की मी निमूट निघायचो. पण गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबायची, तीही तोंड कोल्हापूरकडे करून. मी काचा वर करून पेपर वाचायचा आणि आरशात बघायचं नाही. मामा काठी टेकत वर जायचे आणि तासाभराने पिशवी घेऊन खाली यायचे. पिशवी भरलेली असायची आणि तोंड शिव्यांनी भरलेलं असायचं. कारण मामांचा एक चोर होता.

हा चोर मामांना वर्षानुवर्षं छळत होता. मामा पोचायच्या आत तो येऊन जायचा. बरं, चोरही असा विचित्र की तो नेमकी निम्मी अळंबी न्यायचा आणि निम्मी ठेवायचा. मामा अळंबी हलकेच पिळून मुळीसकट काढतात. हा गडी मातीच्या वर दोन बोटं देठ ठेवून सुरीने छाटायचा आणि उरलेल्या देठावर एकेक पान उपडं घालून जायचा, निजलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. "निम्मी ठेवतंय, म्हंजे माझ्यावर उपकार करतंय!" मामा गाडीत धुमसायचे. "आख्खी न्हेली असती तर सरळ शिव्या तरी दिल्या असत्या."

शेवटी मामांनी चोराला घाबरवायचं ठरवलं. एका वर्षी त्यांनी वारुळावर हळदीकुंकू वाहिलं आणि मधोमध एक लिंबू ठेवलं, त्याला टाचण्या टोचून. असलं काही दिसलं की भला माणूस त्या वाटेला फिरकत नाही, असा त्यांचा हिशेब. पुढच्या खेपेला गेले तर अळंबी पुन्हा निम्मीच, आणि लिंबाशेजारी एक नारळ. मामांची पाचावर धारण बसली. चोराने नारळ ठेवला म्हणजे तो मांत्रिक तरी असणार किंवा मामांच्या वरताण तरी. मामांनी मग उलट उतारा म्हणून भगवं फडकं बांधलं. पलीकडून हिरव्या बांगड्या आल्या. मामांनी उदबत्त्या लावल्या. पलीकडून घंटा आली, चांगली पितळेची. मामा रागाने म्हणायचे, "घंटा बांदलीया हो त्यानं!" पण आवाजात थोडं कौतुकही असायचं.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. डोंगरात गुरं राखणारी माणसंही हिंडतात. त्यांना वारूळ दिसलं, कुंकू दिसलं, घंटा दिसली. माणसं हात जोडू लागली. अलीकडच्या गावाने त्या देवाचं नाव वारुळोबा ठेवलं, पलीकडच्या गावाने हुत्तप्पा, कारण कानडीत हुत्त म्हणजे वारूळ. मामांना कळलं तेव्हा नवससुद्धा फेडून झाले होते. अळंबीला मात्र कुणी हात लावत नव्हतं, देवाची म्हणून. त्यामुळे मामांनी तिकडे काणाडोळा केला. आपण एकमेकांना भिववायच्या नादात एक देव जन्माला घातला आहे, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं.

अशात आमच्याकडे एक सरकारी टूम निघाली. दोन्ही राज्यांच्या हद्दीवरच्या डोंगरातल्या अळंबीवाल्यांनी एकत्र यावं, अळंबी जपावी, विषारी कुठली ते सगळ्यांना शिकवावं, वाळवायचं यंत्र सामाईक घ्यावं, असा काहीतरी प्रकल्प. त्याची पहिली बैठक कोल्हापुरात ठेवलेली. मामांना जुने जाणकार म्हणून बोलावणं आलं. मामा म्हणाले, "जातो. पन जागा सांगनार न्हाय." हॉलमध्ये पाहिलं तर दोन्हीकडची सगळी मंडळी याच निश्चयाने आलेली. पहिला तास फलकावर काय लिहायचं यात गेला. इकडचे म्हणत अळंबी आधी, तिकडचे म्हणत तिचं कानडी नाव अणबे आधी. शेवटी प्रकल्पाच्या बाईंनी फलकच उतरवून ठेवला. या बाई धारवाडकडच्या, वयाने लहान, पण फार हुशार. पहिल्याच वाक्याला त्यांनी सगळ्यांना खिशात घातलं. म्हणाल्या, "तुमच्या जागा मला नको आहेत. सांगितल्यात तर मी कान झाकून घेईन. मला फक्त काढायची पद्धत दाखवा." मामा माझ्या कानात म्हणाले, "शेटजींच्या नात्यातली दिसतीया."

एका घमेल्यात माती भरून बाईंनी त्यात त्या डबीतल्या पांढऱ्या अळंबी खोचल्या होत्या. एकेकाने पुढे यायचं आणि आपण रानात कशी काढतो ते करून दाखवायचं. मामांनी दवाखान्यातल्या अळंबीला हात लावायचा नाही म्हणून थोडे आढेवेढे घेतले, पण पिळून काढून दाखवली. मग पलीकडच्या बाजूने एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. धोतर, डोक्याला पटका, चेहरा अगदी सज्जन. त्यांनी कमरेची सुपारी कातरायची छोटी सुरी काढली. खाली बसले. दोन बोटं देठ ठेवून अळंबी छाटली. मग इकडे तिकडे बघून टेबलावरच्या फुलदाणीतलं एक पान तोडलं आणि देठावर उपडं घातलं.

मामा खुर्चीवरून असे उठले की गुडघ्यांनाही कळलं नाही. "चोर!" ते गरजले. "धरा त्याला! चोर हाय त्यो!"

हॉलमध्ये एकच गोंधळ उडाला. इकडच्यांना वाटलं, तिकडच्यांनी काहीतरी नेलं. तिकडच्यांना वाटलं, सीमेचं जुनं भांडण पुन्हा निघालं. चहावाला किटली घेऊन टेबलाखाली गेला. ते काटकुळे गृहस्थ मात्र सुरी हातात धरून मामांकडे टक लावून बघत होते. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "लिंबूऽ!" ते ओरडले. "लिंबू ठिवनारा तूच काय रे?"

बाईंनी दोघांना हाताला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं, आणि गाडीची किल्ली माझ्याकडे होती म्हणून मीही मागोमाग गेलो. तिथे दोघांनी एकमेकांची अब्रू काढली. मामा म्हणाले, जागा माझ्या बापाची. ते म्हणाले, माझ्या आज्जाची. मामा म्हणाले, तू चोर. ते म्हणाले, "हौद्री, व्हय की, आनि तू निम्मी ठेवत हुतास, मी म्हनायचा, ह्यो कसला चोर, आपल्यासाठी ठेवतोय!" एवढ्या वर्षांत मामांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं की ज्या खेपेला ते आधी पोचत त्या खेपेला तेही निम्मीच घेत होते, आणि पलीकडच्याला चोर तेच वाटत होते. लहान कळ्या उमलू द्यायच्या, जागेचा वाटा जागेला ठेवायचा, ही मामांच्या घरची रीत होती. तीच रीत पलीकडेही होती. "आनि लिंबू कशापायी ठिवलास रे? आमी किती भिलो! म्हनून नारळ ठिवला." मामा म्हणाले, "नारळ बगून मला ताप आलता." मग दोघांनाही हसू फुटलं. मामांनी विचारलं, "तुमचं नाव?" ते म्हणाले, "अण्णा म्हनतात." मामांनी त्यांना कोपराने बाकाकडे दाखवलं आणि दोघं बसले.

बसल्यावर अण्णांनी जी बातमी सांगितली तिने मामांचं तोंड उतरलं. दोन्ही गावांनी मिळून वर्गणी काढली होती. वारुळोबाचा आणि हुत्तप्पाचा मिळून पक्का चौथरा बांधायचा, वर पत्र्याची शेड, सभोवार फरशी. सिमेंटची पोती डोंगराखाली येऊन पडली होती. इतकी वर्षं ज्या दोन गावांचं पाण्यावरून, गुरांवरून, भाषेवरून एकमत झालं नाही, त्यांचं या एका गोष्टीवर झालं होतं. सिमेंट पडलं की वाळवी मरणार, वारूळ मरणार, आणि त्याबरोबर अळंबी कायमची जाणार. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "आमीच क्येलं की हे." मी मामांना कधी असं बघितलं नव्हतं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

खरं सांगावं तर देव खोटा ठरणार, अळंबीवर दोन्ही गावं तुटून पडणार आणि वर मार. गप्प बसावं तर वारूळ जाणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आभाळाकडे बघत म्हणाल्या, "देवाचं म्हणणं काय आहे ते कुणी विचारलं का?" एवढं बोलून त्या हॉलमध्ये निघून गेल्या. मामांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी मामांकडे. दोन राज्यांच्या सहकार्याचा पहिला ठराव तिथे त्या बाकावर झाला, आणि बैठकीच्या कागदावर तो कुठेही नाही.

चौथऱ्याचा नारळ फुटायचा त्या सकाळी मी मामांना डोंगराखाली घेऊन गेलो. या वेळी मला वर यायची परवानगी मिळाली, कारण गर्दीत आपलं माणूस असलेलं बरं. वर बघतो तर दोन्ही गावं लोटलेली. गवंडी थापी घेऊन तयार. मामा धापा टाकत पुढे झाले आणि म्हणाले, "थांबा! म्या कोल्हापूरचा पावना हाय. मला हितली काय बी म्हायती न्हाय. पन रात्री सपनात एक म्हातारा आला. ह्याऽ मिशा. म्हनला, माझ्या डोस्क्यावर सिमीट वतू नगासा, माझा जीव गुदमरतोय. मला उगडं आभाळ पायजे." एवढ्यात ठरल्याप्रमाणे पलीकडच्या उतारावरून अण्णा आले, मामांना ओळखतच नसल्यासारखे, आणि आपलं स्वप्न कानडीत सांगू लागले. एकाने आमच्यासाठी मराठी केलं. तेच स्वप्न, तेच सिमेंट, तेच आभाळ. लोक थरारले. फक्त एक घोटाळा झाला होता. अण्णांच्या स्वप्नात आली होती ती म्हातारी.

गर्दीतून एक धारदार नाकाची आजी पुढे आली. "ह्याच्या सपनात म्हातारा, त्याच्या सपनात म्हातारी. मग खरं कोन?" मामांनी अण्णांकडे असं पाहिलं की मला वाटलं, हे आता इथेच पुन्हा चोर म्हणणार. आजीने क्षणभर डोळे मिटले आणि स्वतःच टाळी वाजवली. "आगं बाई, जोडपं हाय हे! नवराबायकूच्या डोस्क्यावर कसली फरशी घालतासा?" त्यावर सगळी माणसं खाली बसून नमस्कार करू लागली, आणि गवंड्याने थापी पोत्यात ठेवली. मामांना एवढा जोर चढला की त्यांनी देवाचे पुढचे नियमही तिथेच सांगून टाकले. पावसाळ्यात वारुळाजवळ पाय द्यायचा नाही. कळी तोडायची नाही. निम्मं जागेला ठेवायचं. "हे ह्या जागंचं म्हननं हाय," असं म्हणत त्यांनी हात लांब केला, आणि सरळ वारुळाकडे बोट दाखवलं.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मामांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी पटकन ते बोट तोंडात घालून चावलं, शाळेतल्या पोरासारखं. दोन्ही गावांना वाटलं, हाही विधीच आहे. त्यांनीही बोटं चावली.

बाईंनी पुढे आपल्या अहवालात ते सगळे नियम 'दोन्ही गावांनी एकमताने ठरवलेले' म्हणून घातले, जे खरंच होतं. दुसऱ्या गावांनीही ते उचलले. आणि मामांचा चोर गेला, त्याच्या जागी अण्णा आले. चंदगडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर कुंभ्याच्या पानात बांधलेली अळंबी मामांकडे येऊ लागली, आणि इकडून गुळाची ढेप जाऊ लागली. मामी लसणाची चटणी घालून रस्सा करायची, तांदळाच्या भाकरी करायची, आणि मामा पहिला घास घेऊन म्हणायचे, "चोराच्या हाताला चव हाय." दोघे भेटले की तासन्‌तास भांडायचे. म्हाताऱ्याला की म्हातारीला, पहिला मान कुणाला, यावर शेवटपर्यंत मिटलं नाही.

गेल्याच्या आदल्या वर्षी थंडीत अण्णा गेले. बातमी त्याच कंडक्टरने आणली. मामा उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "त्याचा बी पोरगा बेंगळूरला हाय. जागा सांगायला मानूस न्हाय म्हनायचा." पुढच्या पावसाळ्यात आम्ही वर गेलो. गुडघ्यांमुळे मामांना आता मला बरोबर न्यावंच लागत होतं. वारूळ अळंबीने पांढरं झालेलं. मामांनी निम्मी काढली आणि उठले. मी म्हणालो, "मामा, बाकीची आता कुणासाठी?" मामा म्हणाले, "तुमी पिशवी धरा." चार दिवसांनी मामांच्या हट्टाने पुन्हा गेलो, तर ती निम्मी तशीच उभ्या उभ्या काळी पडून, किडे होऊन गेलेली. मामा काठीवर हनुवटी टेकून ते बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. परतीच्या वाटेवर ते एकदाही कुरकुरले नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही.

या वर्षी ते नको म्हणत होते. "गुडगं न्हाय चालत, ऱ्हाऊ द्या." मीच गाडी काढली, मीच त्यांना जवळजवळ उचलून वर नेलं. पोचल्यावर मामा एकदम थांबले. वारुळावर निम्मीच अळंबी होती. उरलेल्या जागी दोन बोटं देठ, सुरीने सरळ छाटलेले, आणि प्रत्येक देठावर एकेक पान, उपडं.

"चोर!" मामा ओरडले. "जावईबापू, चोर आला! बगा, चोर आला की!" त्यांनी माझा दंड गच्च धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "सून असंल, न्हाय तर लेक असंल. सांगटलं हो बेट्यानं. जाता जाता कुनाला तरी सांगटलं." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशात लिंबू होतं. गेल्या वर्षीही ते आणलं होतं का, हे मी विचारलं नाही. टाचणी न टोचता त्यांनी ते वारुळाच्या मधोमध ठेवलं. मग मला खाली बसवलं, माझा हात हातात घेऊन एक अळंबी कशी पिळून काढायची ते दाखवलं, आणि म्हणाले, "जागा नीट बगून घ्या."

मामा आता वर येत नाहीत. गेल्या आठवड्यात मी एकटाच गेलो होतो. लिंबाशेजारी नारळ होता. मी मामांच्या घरी जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी तीनतीनदा विचारलं, शेंडी होती का, ओला होता का, कुठल्या बाजूला ठेवला होता. मग समाधानाने भिंतीला टेकले.

तिथून पिशवी घेऊन मी माझ्या घराकडे निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या देसाईंनी हटकलं. पिशवीवर कोबी होता, पण वास लपत नाही. "काय हो, अळंबी? कुठं गावली?"

माझा कोपर आपोआप पूर्वेकडे वळला. "हातकणंगल्याला," मी म्हणालो. "स्टेशनच्या मागं."